नोडमधून सोप सर्व्हिस कॉल करताना: बाहेर जाणारा एक्सएमएल आधी डोळ्यांनी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीचा एक तरुण डेव्हलपर बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपसाठी नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये, डिस्पॅचची सिस्टीम लिहितोय. माल पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीला जातो आणि गाडी गेटबाहेर पडण्याआधी त्या कंपनीच्या जुन्या सोप सर्व्हिसवर (म्हणजे ठरलेल्या साच्यातल्या एक्सएमएलमधून देवाणघेवाण करणाऱ्या सर्व्हिसवर) मालाची आगाऊ सूचना नोंदवावी लागते. सोपयूआय या तपासणीच्या टूलमधून तीच रिक्वेस्ट व्यवस्थित जाते. नोडमधून पाठवली की कधी ५०० हा एररचा कोड येतो, तर कधी ‘सक्सेस’ येतं पण पलीकडे गाडीचा नंबर बरोबर आणि नगांची संख्या मात्र शून्य दिसते. पत्त्यात मराठी नाव घातलं की त्यांचा सर्व्हर एक्सएमएल अर्धवट आहे म्हणून परत पाठवतो. ‘कोणती लायब्ररी वापरू, की कंपनीकडे सरळ जेसन एपीआय मागू?’ असं त्याने विचारलं आहे.

जेसन मागून बघा, पण त्या भरवशावर काम थांबवू नका. सोप १.१ आलं २००० साली, डब्ल्यूएसडीएल १.१ (सर्व्हिसमध्ये काय-काय आहे ते सांगणाऱ्या फाइलचा साचा) आलं २००१ साली आणि सोप १.२ ला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीची मान्यता मिळाली २००३ साली. नोडचा जन्म २००९ चा. मोठ्या कंपन्यांनी आपल्या ईआरपीची, म्हणजे सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची, दारं सप्लायरसाठी उघडली ती या मधल्या काळात, आणि ती सोपनेच उघडली. त्या दारातून आज त्यांचे सगळे सप्लायर ये-जा करतात. उद्यमबागेतल्या एका शॉपसाठी ते दार बदलणार नाहीत, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही बदललं नसतं. चालू असलेली सर्व्हिस चालू ठेवणं हेही कामच आहे.

लायब्ररीचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवतो. तुमच्या तिन्ही तक्रारी लायब्ररी बदलून सुटणाऱ्या नाहीत. तुमच्या सर्व्हरमधून नेमका कोणता मजकूर बाहेर पडतोय हे तुम्ही अजून बघितलेलं दिसत नाही. जावास्क्रिप्टवाल्यांना ऑब्जेक्ट दिला की पलीकडे ऑब्जेक्ट मिळतो याची सवय असते, कारण जेसन म्हणजे जवळजवळ ऑब्जेक्टच. सोपमध्ये तसं होत नाही. तिथे टॅगचा क्रम, टॅगचा नेमस्पेस (तो टॅग कोणाचा ते सांगणारा पत्ता), हेडरमधला एक शब्द, या सगळ्याला अर्थ असतो, आणि यातलं काहीही तुमच्या ऑब्जेक्टमध्ये दिसत नाही.

म्हणून पहिलं काम हे करा. सोपयूआयमध्ये चाललेल्या रिक्वेस्टचा ‘रॉ’ टॅब उघडा आणि हेडरसकट सगळं एका फाइलमध्ये उतरवून घ्या. नोडची ‘सोप’ नावाची लायब्ररी वापरत असाल तर कॉल झाल्यावर क्लायंटच्या ‘लास्टरिक्वेस्ट’ आणि ‘लास्टरिक्वेस्टहेडर्स’ या दोन प्रॉपर्टी छापा. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे आपल्याच मशीनवर पाच-दहा ओळींचा एचटीटीपी सर्व्हर उभा करा, जो येईल ते जसंच्या तसं फाइलमध्ये लिहील, आणि ‘सेटएंडपॉइंट’ने क्लायंटचं तोंड तिकडे वळवा. मग दोन्ही फाइली शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून बघा. सोप बिघडलं की मी आजही हेच पहिलं करतो, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

आता ५०० कडे येऊ. सोप १.१ मध्ये सर्व्हरने काहीही फॉल्ट, म्हणजे सोपच्या साच्यातला एररचा निरोप, दिला तरी त्याचा एचटीटीपी कोड ५०० च असतो, अगदी चूक तुमची असली तरी. म्हणजे इथे ५०० चा अर्थ ‘सर्व्हर कोसळला’ असा घेऊ नका. ‘आतला मजकूर वाचा’ असा घ्या. रिक्वेस्ट पाठवायला एक्सिऑस ही लायब्ररी वापरत असाल तर ५०० आला की तो एरर फेकतो आणि लोक फक्त एररचा मेसेज लॉग करतात. खरं कारण त्या एररच्या आतल्या रिस्पॉन्सच्या ‘डेटा’मध्ये पडून असतं. नोडच्या ‘फेच’ फंक्शनचं उलटं आहे. तो ५०० ला एरर मानतच नाही, त्यामुळे ‘ओके’ ही प्रॉपर्टी स्वतः तपासावी लागते. दोन्हीकडे बॉडी पूर्ण वाचा आणि फॉल्टमधला मजकूर काढा. १.१ मध्ये तो ‘फॉल्टकोड’ आणि ‘फॉल्टस्ट्रिंग’ या टॅगमध्ये असतो, १.२ मध्ये ‘कोड’ आणि ‘रीझन’मध्ये. कोड ‘क्लायंट’ किंवा १.२ मध्ये ‘सेंडर’ असेल तर खोट तुमच्या रिक्वेस्टमध्ये आहे. ‘सर्व्हर’ किंवा ‘रिसीव्हर’ असेल तर पलीकडे फोन करा.

सोपयूआयमधून चालतं आणि नोडमधून ५०० येतो, याचं नेहमीचं कारण हेडरमध्ये असतं. १.१ ला कंटेंट-टाइप ‘टेक्स्ट/एक्सएमएल’ लागतो आणि शिवाय ‘सोपॲक्शन’ नावाचा वेगळा हेडर लागतो, त्याची किंमत अवतरणचिन्हांसकट. १.२ मध्ये तो वेगळा हेडर गेला. कंटेंट-टाइप ‘ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल’ झाला आणि ॲक्शन त्याच्याच आत पॅरामीटर म्हणून आली. एन्व्हलपचा, म्हणजे सगळा मजकूर गुंडाळणाऱ्या बाहेरच्या टॅगचा, नेमस्पेससुद्धा दोन्हींचा वेगळा; १.२ च्या पत्त्यात २००३ हे साल लिहिलेलं असतं, त्यावरून पटकन ओळखता येतं. सोपयूआय हे सगळं डब्ल्यूएसडीएल वाचून आपणहून भरतं, म्हणून तिथे काही जाणवत नाही. हाताने लिहिताना एन्व्हलप १.२ चं आणि हेडर १.१ चा अशी सरमिसळ झाली, तर मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूसीएफवर बांधलेली सर्व्हिस सरळ ४१५ (हा कंटेंट-टाइप चालत नाही) देते. ॲक्शन चुकली तर ‘कॉन्ट्रॅक्टफिल्टर मिसमॅच’ असा फॉल्ट येतो. हे दोन निरोप ओळखता आले की तासभर वाचतो. लायब्ररीकडून १.२ पाठवायचं असेल तर क्लायंट तयार करताना ‘फोर्ससोप१२हेडर्स’ हा ऑप्शन द्या.

तुमची दुसरी तक्रार, ‘सक्सेस’ येऊनही नग शून्य, ही तिन्हींत सगळ्यात धोक्याची आहे. एरर आली तर माणूस जागा होतो. इथे गाडी निघून जाते आणि चूक पुण्याच्या गेटवर कळते. म्हणून हिच्यावर जरा थांबतो.

दोन गोष्टींनी हे होतं. पहिली गोष्ट नेमस्पेस. नुसतं खानापूर म्हटलं तर बेळगाव जिल्ह्यातलं की सांगली जिल्ह्यातलं, हे कळत नाही. जिल्हा लिहावाच लागतो. नेमस्पेस म्हणजे टॅगचा जिल्हा. टॅगच्या आधी लावलेला प्रीफिक्स हा फक्त त्या जिल्ह्याचा शॉर्टफॉर्म आहे, तो काहीही ठेवला तरी चालतो, पण तो ज्याच्याकडे बोट दाखवतो तो पूर्ण पत्ता तंतोतंत हवा. डब्ल्यूएसडीएलमधल्या स्कीमात, म्हणजे टॅगच्या नियमांच्या यादीत, ‘एलिमेंटफॉर्मडिफॉल्ट’ असा एक ॲट्रिब्यूट असतो. तो ‘क्वालिफाइड’ असेल तर आतल्या टॅगनाही नेमस्पेस लागतो. ‘अनक्वालिफाइड’ असेल किंवा तो ॲट्रिब्यूटच नसेल, तर आतल्या टॅगना नेमस्पेस नको असतो. अशा वेळी बाहेरच्या टॅगवर प्रीफिक्सशिवाय नेमस्पेस जाहीर केला तर तो आतल्या सगळ्यांना आपोआप लागू होतो आणि बिघडतं. डब्ल्यूसीएफमध्ये अजून एक वळण आहे. ऑपरेशनचा नेमस्पेस एक असतो, बऱ्याचदा ‘टेम्पयूआरआय’, आणि आतल्या डेटाच्या क्लासचा दुसराच असतो, ज्यात ‘डेटाकॉन्ट्रॅक्ट’ आणि ‘२००४/०७’ असं लिहिलेलं असतं. सगळ्यांना एकच नेमस्पेस लावून मोकळे झालात तर आतलं काहीच ओळखलं जात नाही.

दुसरी गोष्ट क्रम. स्कीमात ‘सीक्वेन्स’ लिहिलेला असेल तर टॅग त्याच क्रमाने यायला हवेत. डब्ल्यूसीएफचा डेटाकॉन्ट्रॅक्ट सिरिअलायझर (एक्सएमएलचा ऑब्जेक्ट करणारा भाग), दुसरं काही सांगितलेलं नसेल, तर फील्ड इंग्रजी वर्णानुक्रमाने मागतो, आणि क्रम सोडून आलेला टॅग एररही न देता गाळतो. तुमच्याच सूचनेतली दोन फील्ड बघा. क्वांटिटी क्यूने सुरू होते, व्हेइकल नंबर व्हीने. क्यू आधी, व्ही नंतर. तुमच्या ऑब्जेक्टमध्ये गाडीचा नंबर आधी लिहिला असेल तर सर्व्हर गाडीचा नंबर वाचतो आणि क्वांटिटीची जागा मागे गेली असं धरून चालतो. मग पुढे क्वांटिटी आली तरी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. पलीकडे ते फील्ड पूर्णांक प्रकाराचं असतं, आणि किंमत न मिळालेल्या पूर्णांकाची मूळ किंमत शून्य. गाडीचा नंबर बरोबर, नग शून्य, वर ‘सक्सेस’. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांशी हे इतकं जुळतं की मी आधी इथेच बघेन.

नोडची सोप लायब्ररी तुमच्या ऑब्जेक्टमधल्या ‘की’ (फील्डची नावं) ज्या क्रमाने लिहिल्या आहेत त्याच क्रमाने टॅग काढते. स्कीमाशी ताडून तुम्हाला सावध करत नाही. म्हणून डेटाबेसमधून आलेली रो तशीच लायब्ररीला देऊ नका. प्रत्येक ऑपरेशनसाठी एक छोटं फंक्शन लिहा, जे स्कीमातल्या क्रमाने नवा ऑब्जेक्ट हाताने बांधेल. कॉलम वाढला, क्वेरी बदलली, तरी बाहेर जाणारा क्रम हलणार नाही. आणि ‘सक्सेस’वर विश्वास ठेवू नका. कंपनीकडे नोंद परत वाचायचं ऑपरेशन असेल तर निदान सुरुवातीला प्रत्येक नोंदीनंतर ते चालवून नग जुळवून बघा.

आता मराठी नावाचा प्रश्न. सीमाभागात काम करणाऱ्यांनी तो नीट समजून घ्यायलाच हवा. आपल्याकडे एकाच शॉपच्या रजिस्टरात मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तिन्ही नावं असतात. सॉफ्टवेअर मात्र बहुतेक वेळा फक्त इंग्रजी घालून तपासलेलं असतं.

तुम्ही हा भाग नोडच्या मूळ ‘एचटीटीपीएस’ मॉड्यूलने लिहिला आहे आणि कंटेंट-लेंग्थमध्ये स्ट्रिंगची ‘लेंग्थ’ भरली आहे, असं धरून सांगतो; लक्षण तेच सांगतं. ‘बेळगाव’ हा शब्द घ्या. ब, एची मात्रा, ळ, ग, काना, व. जावास्क्रिप्ट याची लेंग्थ ६ सांगते. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे नेटवर्कवर जातात १८ बाइट. हेडरमध्ये १२ कमी सांगितले गेले. पलीकडचा सर्व्हर हेडरवर विश्वास ठेवून तेवढंच वाचतो आणि शेवटचे १२ बाइट, म्हणजे नेमका एन्व्हलप बंद करणारा टॅग, तुटतो. एक्सएमएल अर्धवट म्हणतात ते हेच. कन्नड लिपीचं चिन्हही ३ बाइटचंच, त्यामुळे तिथेही तेच होणार. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट असल्याने ही चूक वर्षानुवर्षं झाकून राहते. उपाय एका ओळीचा आहे: ‘बफर डॉट बाइटलेंग्थ’ वापरा. किंवा सरळ फेच वापरा आणि हा हेडर स्वतः भरूच नका. तो बरोबर भरतो.

रिस्पॉन्स वाचतानाही याच जातीचा एक बग आहे. ‘डेटा’ इव्हेंटमध्ये येणारा प्रत्येक तुकडा स्ट्रिंगला जोडत जायची सवय असते. तुकडा कुठे तुटेल ते आपल्या हातात नसतं. तो ‘ळ’च्या दुसऱ्या बाइटवर तुटला तर दोन्ही बाजूंना प्रश्नचिन्हाचे चौकोन उमटतात, आणि तेही कधीतरीच, मोठ्या रिस्पॉन्समध्ये, म्हणून शोधणं अवघड. तुकडे बफर म्हणून गोळा करा आणि शेवटी एकदाच जोडून स्ट्रिंग करा, नाहीतर स्ट्रीमला आधीच ‘सेटएन्कोडिंग’ सांगून ठेवा. जुनी सर्व्हिस यूटीएफ-८ सोडून दुसरं एन्कोडिंग पाठवत असेल तर फेचचं ‘टेक्स्ट’ चालणार नाही, कारण ते नेहमी यूटीएफ-८ च धरतं. तिथे ‘अरेबफर’ घेऊन ‘टेक्स्टडीकोडर’ला एन्कोडिंगचं नाव द्यावं लागतं.

मराठी नावं जुळवण्यावर काहीही अवलंबून ठेवू नका. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव दोन तऱ्हेने टाइप होतं. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकसारखे, पण तुलना केली तर वेगळे, आणि ‘नॉर्मलाइज’ फंक्शन त्यांना एक करत नाही. ‘ॲडव्होकेट’मधल्या ॲचंही तसंच, तो एका कोडने लिहिला जातो किंवा ‘अ’ या अक्षरावर अर्धचंद्र देऊन. जुळवणी नेहमी कोडवर करा: सप्लायर कोड, पार्ट नंबर, इनव्हॉइस नंबर.

गावाच्या नावाचंही बघून घ्या. बेळगावचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, इंग्रजी स्पेलिंगही बदललं. एखाद्या कंपनीच्या स्कीमात शहरांची ठरावीक यादी, म्हणजे ‘एन्युमरेशन’, त्याआधीची असेल तर तिथे नवं स्पेलिंग चालणार नाही, आणि दुसरीकडे नवंच लागेल. यावर वाद घालून उपयोग नाही. प्रत्येक कंपनीसाठी कोणतं स्पेलिंग पाठवायचं याचं टेबल ठेवा, कोडमध्ये ते कोरून ठेवू नका. राज्यासाठी जीएसटीचा कोड मागत असतील तर बरंच. कर्नाटकचा २९, महाराष्ट्राचा २७, त्यात स्पेलिंगचा घोळ नाही.

रिस्पॉन्स पार्स करताना जी ठेच बहुतेकांना लागते ती अशी. एक्सएमएलमध्ये ॲरे नावाची गोष्टच नाही. पाच ओळी आल्या तर पार्सर ॲरे देतो, एकच ओळ आली तर नुसता ऑब्जेक्ट, आणि ज्या दिवशी एकाच पार्टची गाडी भरते त्या दिवशी तुमचं ‘मॅप’ फंक्शन कोसळतं. फास्ट-एक्सएमएल-पार्सरमध्ये ‘इझॲरे’ हा ऑप्शन याच्यासाठीच आहे. कोणते टॅग नेहमी ॲरे समजायचे ते तिथे सांगून टाका. शिवाय तो पार्सर आकड्यासारखं दिसणारं सगळं आकडा करून टाकतो. बेळगावचा एसटीडी कोड ०८३१ हा ८३१ होऊन बसतो. पार्ट नंबरच्या सुरुवातीची शून्यं तशीच उडतात. माझा सल्ला, ही आपोआप होणारी बदलाबदल पूर्ण बंद करा, सगळं स्ट्रिंग म्हणून घ्या आणि जे खरंच आकडे आहेत तेवढेच स्वतः बदला. रकमा तर स्ट्रिंगमधून पैशांच्या पूर्णांकात न्या आणि तशाच हाताळा.

तारखेचं एक उदाहरण देतो, कारण ते हिशेबाच्या मुळावर येतं. १ एप्रिलचं इनव्हॉइस आहे, तुम्ही भारतीय वेळेनुसार मध्यरात्रीची ‘डेट’ बनवली आणि ‘टूआयएसओस्ट्रिंग’ने पाठवली. ते फंक्शन नेहमी यूटीसीमध्ये (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) लिहितं, म्हणजे बाहेर जातं ३१ मार्च, १८:३०. पलीकडच्याने नुसती तारीख उचलली तर इनव्हॉइस मागच्या आर्थिक वर्षात गेलं. जिथे स्कीमा ‘डेट’ मागतो तिथे ‘२०२५-०४-०१’ अशा धाटणीची साधी स्ट्रिंग पाठवा (अर्थात इंग्रजी अंकांत), डेट ऑब्जेक्ट मध्ये आणूच नका. ‘डेटटाइम’ मागत असतील तर शेवटी +०५:३० स्पष्ट लिहा.

आता लायब्ररी. एक-दोनच ऑपरेशन असतील आणि सुरक्षा साधी असेल, जशी तुमच्या केसमध्ये दिसते, तर मी लायब्ररी घेत नाही. सोपयूआयमध्ये चाललेलं एन्व्हलप टेम्पलेट म्हणून ठेवतो, त्यात किंमती भरतो, फेचने पाठवतो आणि पार्सरने वाचतो. नोड १८ पासून फेच अंगचाच आहे. यात बाहेर काय जातंय ते कायम डोळ्यांसमोर राहतं. अट एकच, भरलेली प्रत्येक किंमत एस्केप झाली पाहिजे, म्हणजे एक्सएमएलची खास चिन्हं बदलून लिहिली गेली पाहिजेत. फर्मच्या नावात ‘&’ हे चिन्ह असतंच असतं, आणि ते तसंच गेलं तर पूर्ण एक्सएमएल अवैध होतो. जुन्या एक्सेलमधून आलेल्या मजकुरात न दिसणारी कंट्रोल कॅरेक्टर असतात. टॅब आणि नव्या ओळीची दोन चिन्हं सोडून ३२ खालच्या कोडची बाकीची चिन्हं एक्सएमएल १.० ला एस्केप करूनही चालत नाहीत, ती गाळूनच टाकावी लागतात. ऑपरेशन बरीच असतील किंवा डब्ल्यूएस-सिक्युरिटी (सोपच्या हेडरमधून चालणारी सुरक्षेची पद्धत) लागत असेल, तर सोप लायब्ररी घ्या. तिथे डब्ल्यूएसडीएल दर वेळी नेटवरून ओढू नका. फाइल आपल्याकडे उतरवून ठेवा आणि एंडपॉइंट वेगळा द्या. पुष्कळदा डब्ल्यूएसडीएलच्या आतल्या इम्पोर्टमध्ये त्यांच्या आतल्या सर्व्हरचं नाव असतं, जे बाहेरून उघडतच नाही. डब्ल्यूसीएफवाल्यांकडे शेवटी ‘सिंगलडब्ल्यूएसडीएल’ लावून सगळं एका फाइलमध्ये मिळतं का ते बघा.

पासवर्ड डायजेस्ट (पासवर्डऐवजी पाठवायचं त्याचं सांकेतिक रूप) मागत असतील तर तुमच्या सर्व्हरचं घड्याळ एनटीपीने, म्हणजे नेटवरून वेळ जुळवून, बरोबर ठेवा. त्या डायजेस्टमध्ये वेळ मिसळलेली असते, आणि घड्याळ काही मिनिटं पुढे-मागे असलं तरी बरोबर पासवर्ड नाकारला जातो.

सर्टिफिकेटवरून अडलात तर एक गोष्ट अजिबात करू नका: तपासणीच बंद करणारा तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. इंटरनेटवर पहिलं उत्तर तेच मिळतं. ब्राउझरमध्ये पत्ता उघडतो आणि नोड ‘पहिलं सर्टिफिकेट तपासता येत नाही’ म्हणतो, याचं कारण बहुधा त्यांच्या सर्व्हरने मधलं सर्टिफिकेट पाठवलेलं नसतं. ब्राउझर ते स्वतः मिळवतो, नोड मिळवत नाही. ते मधलं सर्टिफिकेट घेऊन नोडच्या मूळ रूट सर्टिफिकेटांसोबत ‘सीए’ ऑप्शनमध्ये द्या; ते एकटंच दिलं तर मूळ यादी बाजूला पडते. सर्व्हर फारच जुना असेल तर आणखी एक अडथळा येतो, कारण नोड १२ पासून टीएलएस (कनेक्शन सुरक्षित ठेवणारा प्रोटोकॉल) १.२ च्या खालचं काही चालत नाही. तो अडथळा फक्त त्या एका कनेक्शनपुरता सैल करा, सगळ्या ॲप्लिकेशनसाठी नको, आणि कंपनीला लेखी कळवा.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण गाडी गेटवर उभी असताना तोच सगळ्यात जास्त छळतो. रिक्वेस्ट गेली, उत्तर आलं नाही, टाइमआउट झाला. नोंद झाली की नाही? दोन्ही शक्य आहे. ड्रायव्हर घाई करतो, ऑपरेटर पुन्हा बटण दाबतो आणि एकाच मालाच्या दोन सूचना पडतात. म्हणून पाठवण्याआधीच तुमच्या डेटाबेसमध्ये रो बनवा, इनव्हॉइस नंबर आणि आर्थिक वर्ष मिळून युनिक, आणि स्थिती ‘पाठवतोय’. फॉल्ट आला तर ‘नाकारलं’. टाइमआउट झाला तर ‘नक्की नाही’, आणि या स्थितीत बटण बंद. मग मागे चालणारं एक काम कंपनीच्या शोधायच्या ऑपरेशनने त्या नंबरची चौकशी करेल, सापडला तर ‘नोंदलं’, नसेल तरच पुन्हा पाठवेल. असं ऑपरेशन त्यांच्याकडे नसेल तर त्यांच्या माणसाला फोन करून विचारायचा रस्ता स्क्रीनवरच लिहून ठेवा. टाइमआउट किती ठेवायचा ते स्वतः ठरवा, फेचला ‘अबॉर्टसिग्नल’चा टाइमआउट देता येतो, काहीच दिलं नाही तर ऑपरेटर मिनिटंच्या मिनिटं फिरणारं चक्र बघत बसतो.

आणि प्रत्येक कॉलची रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स, मूळ एक्सएमएल जसा आहे तसा, पासवर्ड झाकून, साठवून ठेवा. पुण्याहून ‘तुमची सूचना आलीच नाही’ असा फोन आला की त्या एका फाइलवर बोलणं मिटतं.

आधी क्वांटिटीचा क्रम, मग बाइटलेंग्थ, मग ५०० च्या आतला फॉल्ट, या क्रमाने बघा. तरी अडलं तर फॉल्टचा पूर्ण मजकूर आणि दोन्ही बाजूंचे हेडर इथे टाका. पासवर्ड, जीएसटी नंबर आणि कंपनीचं नाव खोडून.